बेळगावहून घाटमाथ्याची सहल: फसते कुठे आणि क्रम कसा लावायचा

जुलै लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. पुण्याचे, कोल्हापूरचे, कधी मुंबईचे पाहुणे. बेत बहुतेक एकच असतो: "शनिवारी रात्री पोचतो, रविवारी आंबोली, कणकुंबी आणि गोकाक करूया, रात्री परत." मी त्यांना आधी नकाशा उघडायला सांगतो. आंबोली पश्चिमेला, कणकुंबी नैर्ऋत्येला, गोकाक ईशान्येला आणि मधे बेळगाव. म्हणजे प्रत्येक ठिकाणासाठी शहरात परत यायचं आणि नव्यानं बाहेर पडायचं. रविवारभर पाहुणे गाडीत बसतात आणि तिन्हीकडे अंधार पडताना पोचतात.

हा लेख अशा पाहुण्यांसाठी आहे. आमच्या बेळगावातल्या पोरांसाठीही आहे, कारण अकराला उठून बाईक काढणारे इथलेच असतात.

## १. दिवसाला एकच दिशा

ठिकाणांची यादी नंतर करा. आधी दिशा धरा. बेळगावातून बाहेर पडायच्या कामाच्या दिशा चार.

नैर्ऋत्य, चोर्ला रस्ता. पिरनवाडीतून फुटायचं, मग किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी आणि पुढं चोर्ला घाट. कणकुंबी साधारण ५० किलोमीटरच्या आत. मुसळधार पाऊस, धुकं आणि दाट रान हवं असेल तर हीच दिशा.

पश्चिम, वेंगुर्ला रस्ता. हिंडलगा, बाची ओलांडली की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. पुढं पाटणे फाट्यावरून आंबोली, सुमारे ६५ ते ७० किलोमीटर. चंदगड तालुक्यातले महिपाळगड, कलानिधीगड, पारगड आणि तिलारीनगर याच बाजूला.

दक्षिण, खानापूर. खानापूर २५-२६ किलोमीटर. मलप्रभेकाठचं असोगा, नंदगड आणि हलशी. हलशीचं कदंबकालीन भूवराह नरसिंह मंदिर पावसाच्या दिवशी फार उपयोगी पडतं, कारण डोक्यावर दगडी छत असतं. घरात म्हातारी माणसं असतील तर मी डोळे मिटून हीच दिशा सांगतो.

ईशान्य, गोकाक. ही घाटमाथ्याची दिशा नाही, पण पाणी घाटमाथ्याचंच. त्याचं गणित पुढं वेगळं मांडलंय.

अर्धाच दिवस असेल तर लांब जाऊ नका. येळ्ळूरचा राजहंसगड शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे आणि गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. शिनोळीच्या बाजूनं देवरवाडीचं वैजनाथ मंदिर आणि त्याच डोंगरावरचा महिपाळगड हा दुसरा पर्याय. तीन तासांत दोन्हींपैकी एक नीट होतं.

> तपासा: तुमच्या बेतातल्या कुठल्याही दोन ठिकाणांच्या मधे बेळगाव शहर येतंय का? येत असेल तर त्यातलं एक ठिकाण खोडा.

## २. महिना ठरवा, कारण प्रत्येक दिशेचा पाऊस वेगळा

बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण या जिल्ह्यात पन्नास-साठ किलोमीटरमध्ये पाऊस पूर्ण बदलतो. आंबोलीला वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पडतो. बेळगाव शहरात त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. गोकाककडे तर शेतकरी आभाळाकडं बघत बसतो. त्यामुळं "बेळगावात पाऊस उघडलाय" या बातमीवर कणकुंबीचा बेत करू नका. शहरात ऊन असताना जांबोटीच्या पुढं वायपर बंद करता येत नाहीत, हे आम्ही लहानपणापासून बघतोय.

जून मध्य ते ऑगस्ट मध्य: पाणी भरपूर, दिसत काही नाही. कठड्यावर उभं राहून पांढऱ्या पडद्याकडं बघायची तयारी असेल तरच घाट. दरीचे फोटो काढायला आलेले या दिवसांत हमखास नाराज होऊन जातात.

ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य: माझ्या मते हाच काळ. धबधब्यांना पाणी असतं, धुकं अधूनमधून उघडतं, गवत कमरेएवढं आणि सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या कातळ-पठारांवर, रानफुलं. पाहुणे मात्र जुलैतच येतात, त्याला काय करणार.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: गड, मंदिरं आणि सकाळची थंडी यासाठी. पश्चिमेकडचे धबधबे आटत आलेले असतात. एप्रिल-मेमध्ये कोरडा कडा बघायला कुणी जाऊ नये.

बेळगावपुरत्या दोन तारखा लक्षात ठेवा. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडं कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस. गाडी शहराच्या आत-बाहेर करायचा दिवस तो नव्हे. आणि डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा लॉजच्या खोल्या मिळत नाहीत, हमरस्त्यावर बंदोबस्त असतो. खोली घेण्याआधी अधिवेशनाच्या तारखा बघा.

## ३. बंदी आहे का, हे आधी विचारा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि सगळ्यात महागही इथल्याच.

जांबोटी-कणकुंबीच्या दक्षिणेचं रान म्हणजे भीमगड अभयारण्य. २०११ मध्ये ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. घाटाच्या गोव्याकडच्या अंगाला म्हादई अभयारण्य लागतं. वाघ, बिबटे आणि गवे या पट्ट्यातून ये-जा करतात. डांबरी रस्ता सोडून आत जायचं म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या हद्दीत शिरायचं, आणि त्या हद्दीला नियम आहेत.

काय करायचं ते क्रमानं:

१. ज्या धबधब्याचं नाव काढलंय तो रस्त्यावरून दिसतो की रानात चालत जावं लागतं, ते शोधा. आंबोलीचा मुख्य धबधबा रस्त्यालाच आहे. म्हादई नदीवरचा वज्रपोहा रानातला.

२. रानातला असेल तर वनखात्याकडं विचारा, तेही निघायच्या दोन-तीन दिवस आधी. पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटा बंद करण्याचे आदेश निघतात आणि वर्षागणिक बदलतात. गेल्या वर्षीच्या व्हिडिओत कुणी तिथं नाचताना दिसलं म्हणून यंदा वाट उघडी आहे असं होत नाही.

३. कर्नाटकात खुल्या असलेल्या रानवाटांचं आरक्षण वनखात्याच्या इको-टुरिझम संकेतस्थळावर होतं. पावती फोनमध्ये ठेवा आणि कागदावरही, कारण नाक्यावर रेंज नसते.

४. भीमगड किल्ला आणि कृष्णापूरजवळच्या बारापेडी गुहा ही परवानगीशिवाय जायची ठिकाणं नाहीतच. त्या गुहांमध्ये रॉटनचं मुक्तशेपटी वटवाघूळ राहतं. जगात ते फार थोड्या ठिकाणी सापडलंय. बॅटरी आणि आवाज घेऊन आत घुसणाऱ्यांनी घरीच थांबावं.

> सावधान: नाक्यावर अडवलं तर "बाजूनं एक वाट आहे" असं सांगणारा कुणीतरी भेटतो. त्याच्यामागं जाऊ नका. आमगावसारख्या गावांत पावसाळ्यात रस्ता तुटतो आणि आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. तिथं तुमचा पाय मोडला तर ते ओझं त्याच गावकऱ्यांच्या खांद्यावर येतं.

## ४. आदल्या रात्रीची तयारी

गाडीचे टायर आणि ब्रेक बघा. वायपरचं रबर बघा. बहुतेक जण ते विसरतात आणि कुसमळीच्या पुढं आठवतात. टाकी बेळगावातच पूर्ण भरा. चोर्ला रस्त्याचे खड्डे हा आमच्याकडं कायमचा विषय, त्यामुळं स्टेपनीत हवा आहे का तेही बघून घ्या.

नोटा आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. फोनवरून पैसे सगळीकडं घेतात, पण रेंज असेल तेव्हा. कणकुंबीच्या टपरीवर चहा-भजी झाल्यावर चौघंजण फोन आभाळाकडं धरून फिरताना मी बघितलेत. टपरीवाल्या मावशी शेवटी म्हणाल्या, "जावा, परत येताना द्या." त्यांनी परतताना दिले, पण सगळेच देत नाहीत.

नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. शहराबाहेर पडल्यावर तो उघडेलच याची खात्री धरू नका.

कपड्यांत जीन्स नको, ओली झाली की दिवसभर वाळत नाही. छत्रीचा घाटात उपयोग शून्य, पहिल्याच वाऱ्यात उलटी होते. रेनकोट घ्या. या भागातले शेतकरी अजून इरलं पांघरून शेतात वाकलेले दिसतात. त्यांना हात मोकळे लागतात, तसे तुम्हालाही लागतील.

जळवांसाठी: पँट मोज्यात खोचा. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायची इथं जुनी पद्धत आहे आणि ती चालते. जळू लागलीच तर ओढून काढू नका. मीठ टाका, किंवा नखानं तोंडाच्या बाजूनं अलगद सरकवा. रक्त थोडा वेळ थांबत नाही, घाबरायचं कारण नाही. धुवा आणि दाबून धरा.

> तपासा: प्लास्टिक पिशवीत एक कोरडा कपड्यांचा जोड, टॉवेल, बॅटरी, पाणी, मिठाची पुडी. घरी एका माणसाला "अमुक रस्त्यानं जातोय, सातपर्यंत परत" असं सांगितलंय का?

## ५. दिवसाचा क्रम: आधी शेवटचं टोक

चोर्ला रस्त्याचा एक दिवस धरू. बाकी दिशांनाही हाच क्रम लावा.

सहाला बेळगाव सोडा. नाश्ता शहरातच करायचा म्हटलं की उप्पीट, मग शिरा, मग "अजून एक हाफ चहा" असं करत आठ वाजतात. बिस्किटं घेऊन निघा.

जाताना कुठंही थांबू नका. जांबोटीला चहा नाही, कणकुंबीला देऊळ नाही. सरळ घाटाच्या माथ्यापर्यंत जा. लोक नेमकं उलट करतात: प्रत्येक ओढ्यावर उतरतात, प्रत्येक टपरीवर भजी खातात आणि माथ्यावर चारला पोचतात. तेव्हा गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांची रांग, धुकं आणि उतरत आलेला उजेड असं सगळं एकदम भेटतं. सकाळी आठच्या आसपास रस्ता रिकामा असतो. धुकं तेव्हाही असेल, पण ते उघडायची वाट बघायला तुमच्या हातात अख्खा दिवस असतो.

माथ्यावर तासभर काढा, मग परतीला लागा. आता थांबत या.

पहिला मोठा थांबा कणकुंबी. माऊलीचं देऊळ आणि तिथंच मलप्रभेचा उगम. बघायला मोठं काही नाही, दगडी कुंड आणि त्यात पाणी. पण थोडा वेळ तिथं उभे राहा. इथून निघालेलं पाणी पूर्वेला वाहत कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला, अरबी समुद्राकडं जाते. एका पावसाच्या दोन वाटा. या पाण्यावरून तीन राज्यं भांडतात ते का, हे त्या कुंडापाशी नीट कळतं.

कणकुंबी ते जांबोटी या टप्प्यात दुपारचं खाणं उरका. वज्रपोह्याची परवानगी हातात असेल तर तो आता करा, आणि तीनच्या आत रानातून बाहेर या. परवानगी नसेल तर कुसमळीजवळ मलप्रभा बघून सरळ शहर गाठा.

पाचपर्यंत पिरनवाडी. सहानंतर तिथली कोंडी तुमच्या सहलीतला एक तास खाते.

> सावधान: "गोवा जवळच आहे, खाली उतरून येऊ" हा बेत माथ्यावर उभं राहून करू नका. उतरायला अर्धा-पाऊण तास वाटतो, पण चढताना अंधार झालेला असतो. येताना बाटल्या आणू नका. गोव्यातली स्वस्त दारू परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि तपासणी होते.

## ६. आंबोली आणि तिलारीच्या बाजूला गेलात तर

आंबोलीला रविवारी जाऊ नका. एवढं एकच वाक्य पाळलंत तरी लेखाचं काम झालं. जुलै-ऑगस्टच्या रविवारी मुख्य धबधब्याच्या अलीकडंच गाड्या अडकतात. पुढं चालत गेल्यावर पाण्याच्या पायऱ्यांवर माणसंच माणसं. मधला वार मिळत नसेल तर सातच्या आत धबधबा गाठा, मग हिरण्यकेशी नदीचा उगम आणि शेवटी कावळेसादचा कडा. कावळेसादला वारा पाणी खालून वर उडवतो. ते बघायला लोक कठड्यावर चढतात. कठड्याच्या आत राहूनही तुम्ही तितकेच भिजता.

तिलारी घाटाबद्दल एक. नकाशा दोडामार्ग-गोव्याला जायला तो जवळचा म्हणून दाखवतो. उतार अतिशय तीव्र, वळणं आखूड. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरता येत नसेल, गाडी भरलेली असेल किंवा पाऊस असेल तर तिकडं वळू नका. माझ्या एका नातेवाइकानं ब्रेकवर पाय ठेवून निम्मा घाट उतरवला आणि मग गाडीतून जळका वास यायला लागला. दीड तास रस्त्याकडेला गाडी थंड करत बसलो. मुलांना तेच त्या सहलीतलं सगळ्यात जास्त आठवतं. स्वप्नवेल पॉइंटवरून दरी बघायची आणि आलो तसं मागं फिरायचं.

धुक्यात हेडलाइट खाली ठेवा. वरचा लाइट मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चारी इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही. थांबायचंच असेल तर वळणावर नको.

## ७. गोकाक: पाऊस बघू नका, धरण बघा

गोकाकचा धबधबा घटप्रभेचा, उंची सुमारे ५२ मीटर. लोक गोकाकचं हवामान बघून जातात, आणि तिथंच चुकतात. गोकाकला पाऊस पडला काय न पडला काय, फार फरक नाही. पाणी येतं सह्याद्रीतून, आणि मधे हिडकलचं धरण आहे, ५१ टीएमसीचं (अब्ज घनफूट). ते भरत असतं तोवर पात्रात पाणी बेताचंच. भरलं आणि सोडलं की धबधबा तांबूस-तपकिरी होऊन गर्जायला लागतो. म्हणून:

१. जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात हिडकलची पातळी आणि विसर्ग बघत राहा.

२. विसर्ग सुरू झाला की दोन-चार दिवसांत जा. वर कडक ऊन आणि खाली भरलेली नदी असा योग मिळाला तर सोडू नका.

३. आधी मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा करा, दोन टप्प्यांत पडतो. मग गोकाक. उलट केलंत तर गोकाकनंतर गोडचिनमलकी छोटा वाटतो आणि त्याच्यावर अन्याय होतो.

४. झुलता पूल चालू असेलच असं धरू नका. पाणी वाढलं की बंद करतात.

> सावधान: कड्यावरचा खडक सपाट दिसतो आणि तिथंच घात होतो. ओल्या शेवाळावर चपलेचा पाय एकदा सरकला की धरायला काही नाही. धरणातून पाणी वाढलं तर कोरडा दिसणारा खडक थोड्या वेळात पाण्याखाली जातो.

हे पाण्याजवळचे नियम सगळ्याच दिशांना लागू. वरच्या अंगाला आभाळ काळं झालं, किंवा स्वच्छ पाणी अचानक गढूळ होऊन काटक्या-पानं वाहायला लागली, की सामान न आवरता बाहेर या. पट्टीचा पोहणारा असाल तरी धबधब्याच्या डोहात उतरू नका. दारू प्यायलेल्याला गाडीतच बसवा, भांडण झालं तरी चालेल.

गोकाककडं मराठी कमी चालते. "बस एष्टु गंटेगे?", म्हणजे बस किती वाजता, एवढं कन्नड पाठ करून जा. कन्नडमध्ये विचारलं की समोरचा बरेचदा मराठीतच उत्तर देतो.

## ८. गाडी नसेल तर

खानापूरला बस आणि रेल्वे दोन्ही आहेत, म्हणून दक्षिण दिशा सगळ्यात सोपी. आंबोलीला सावंतवाडीकडं जाणारी बस घ्यायची. चोर्ला रस्त्यावर बस मोजक्या. तिथं उतरल्यावर पहिलं काम एकच, परतीच्या शेवटच्या बसची वेळ टपरीवर विचारायची. फलाटावरच्या चौकशीत सांगितलेली वेळ आणि टपरीवाल्यानं सांगितलेली वेळ यांत फरक पडला तर टपरीवाल्यावर विश्वास ठेवा.

आमच्या बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. पाटीकडं बघत उभे राहू नका, कंडक्टरला विचारा. आणि सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवर थांबतात. आंबोलीला जायच्या दिवशी सकाळी बातम्या बघून घ्या, नाहीतर शिनोळीला उतरून पुढं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप, शोधत बसाल.

## ९. परत आल्यावर

कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, घ्यायचा असेल तर शहरात शिरताना घ्या, रात्री घाईत नको. थोडा चाखून घ्या, ताजा कुंदा हाताला तूप लावतो. गोकाकहून येणाऱ्यांनी करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, तिथूनच आणावा.

घरात शिरायच्या आधी बूट, मोजे आणि पँटच्या खालच्या दुमडी बाहेर झाडा. गाडीतल्या पायपुसण्या उचलून बघा. मागच्या वर्षी आमच्याकडं एक जळू तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटखाली निघाली, तोवर ती पोट भरून वाटाण्याएवढी झाली होती. कुणाच्या रक्तावर, ते अजून ठरलेलं नाही.